विश्लेषण : एकाच्या हाती ब्रह्मास्त्र, बाकीचे प्रेक्षक? कल्पनेच्या खेळात जादा ताकदीचा तोल कसा साधावा?

फासे, कागद, पेन्सिल आणि चार-पाच मित्र एवढ्या सामग्रीवर चालणाऱ्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या खेळांत पात्रांना ऐच्छिक ताकदी देता येतात. कोणती ताकद घ्यायची हे खेळाडू ठरवतो. पण एकाची निवड इतकी भारी ठरते की बाकीच्यांना करण्यासारखे काही उरत नाही. पन्नास वर्षांत या खेळाचे नियम अनेकदा बदलले, त्यामागे हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर होता. त्याची उत्तरे शोधायला मात्र फार लांब जावे लागत नाही. रमीचा जोकर, कबड्डीचा बोनस आणि खो-खोतील वजीर यांनी तीच अडचण आपापल्या परीने सोडवली आहे.

हा खेळ नेमका आहे काय?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकी खेळरचनाकारांनी १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला. त्यात जिंकणारा आणि हरणारा असे दोन पक्ष नसतात. एक जण सूत्रधार होतो, त्याला ‘डन्जन मास्टर’ म्हणतात. तो प्रसंग सांगतो : पडका किल्ला, बंद दरवाजा, आत दडलेला राक्षस. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. पात्र काय करते हे खेळाडू बोलून सांगतो आणि जमले की फसले हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका २०१६ साली आली आणि भारतातल्या अनेक तरुणांना या खेळाचे नाव प्रथम तिथेच कळले.

पात्र अनुभवाने मोठे होत जाते आणि ठरावीक टप्प्यांवर खेळाडूपुढे निवड येते. मूळची शक्ती, चपळाई यांचे आकडे वाढवायचे की त्याऐवजी एखादी खास कला घ्यायची? या खास कलेला खेळात ‘फीट’ म्हणतात. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने फीटना नियमांत पक्के स्थान दिले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्या ऐच्छिक झाल्या, म्हणजे डन्जन मास्टरने परवानगी दिली तरच. २०२४ च्या सुधारित नियमांत त्या पुन्हा मुख्य प्रवाहात आल्या आणि प्रत्येक पात्राला पहिल्याच लेव्हलला एक फीट मिळू लागली.

एकत्र खेळायचे, तर तोल हवाच कशाला?

सगळे एकाच बाजूने लढत असतील, तर एक जण जास्त ताकदवान असल्याने बिघडते काय, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. वरवर तो बिनतोड वाटतो. पण या खेळात चुरस विजयासाठी नसते, ती आपल्या पाळीला अर्थ असण्यासाठी असते. तीन तासांच्या बैठकीत प्रत्येकाला बोलायची मोजकी संधी मिळते. आपली पाळी येईपर्यंत शेजारच्याने राक्षस आडवा केलेला असेल आणि असे चार रविवार लागोपाठ झाले, तर पाचव्या रविवारी तो खेळाडू क्लासचे निमित्त सांगून घरी थांबतो. भांडण होत नाही, तक्रारही होत नाही. एक माणूस हळूच गळतो.

मोठ्या शहरात गळालेल्याची जागा भरून निघते. पुण्या-मुंबईत अनोळखी लोकही एकत्र येऊन असे खेळ मांडतात. धुळे-जळगाव महामार्गावरच्या पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावी चार-पाच मुलांनी हा खेळ सुरू केला असे धरले, तर पाचातला एक जाणे म्हणजे खेळच मोडणे. तिथे सहावा भिडू सहज मिळत नाही. म्हणून तोलाचा प्रश्न महानगरातल्या हौशी मंडळींपेक्षा लहान गावाला जास्त जाचतो. जिथे माणसे मोजकी, तिथे नियम जास्त विचाराने निवडावे लागतात.

आपल्या खेळांनी हा प्रश्न कसा सोडवला?

खान्देशात आखाजीला पत्त्यांचे डाव रंगतात. रमी खेळणाऱ्या कोणालाही जोकरची ताकद वेगळी सांगावी लागत नाही, कारण तो कोणत्याही पानाची जागा घेतो. एवढी मोकळीक असताना डाव केवळ जोकर कोणाला आले यावर ठरायला हवा होता. तसे होत नाही, कारण निदान एक सिक्वेन्स जोकरशिवाय लावावाच लागतो. तो लागला नाही तर हातातले चार जोकरही वाचवू शकत नाहीत. जोकर तसाच राहिला, पण त्याला कामाला लावण्याआधी स्वतःच्या बळावर काहीतरी करून दाखवायची अट आली.

कबड्डीत बोनसचा गुण बचावात सहा किंवा सात खेळाडू असतील तरच मिळतो. समोर पाच उरले की बोनस रेषा ओलांडून काही उपयोग नाही. धोका जास्त तेव्हाच बक्षीस, असा तो सरळ व्यवहार आहे. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत उलट बाजूने ‘सुपर टॅकल’ आला : मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना चढाईपटूला पकडले, तर एक गुण जादा. इथे दुबळ्या बाजूला ताकद दिली आहे, तीही ती दुबळी असेपर्यंतच.

खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की ती बदलता येत नाही. २०२२ साली पुण्यात बालेवाडीला झालेल्या पहिल्या ‘अल्टिमेट खो खो’ लीगने यात ‘वजीर’ आणला. हा आक्रमक कोणत्याही दिशेने धावू शकतो. दिशेचे बंधन हा खो-खोचा कणाच. ते सर्वांसाठी काढले असते तर खेळ साध्या पकडापकडीवर आला असता. एकालाच सूट दिल्याने ती चाल ठरली. वजिराला खो कधी द्यायचा, हा डावपेच झाला.

पुराणकथांतही हा हिशेब आहे. इंद्राने कर्णाला दिलेली अमोघ शक्ती एकदाच वापरता येणार होती. म्हणून ती घटोत्कचावर खर्ची पडली, तेव्हा युद्धाचे पारडे फिरले. उलट, समोर येणाऱ्याचे अर्धे बळ वालीला मिळते, अशी लोकपरंपरेतली कथा. त्या वरदानाला ना संख्येची मर्यादा, ना वेळेची, ना किमतीची. परिणाम काय? प्रत्यक्ष रामाला झाडाआडून बाण सोडावा लागला. बेहिशेबी ताकद दिली की सूत्रधारालाही आडून वार करावे लागतात, हे डन्जन मास्टर झालेल्या कोणालाही पटेल. मग तो मुद्दाम त्या एका पात्राला निष्प्रभ करणारे शत्रू आणू लागतो आणि टेबलावरचा विश्वास तिथेच तडकतो.

मग पुस्तकातले नियम कुठे चुकले?

तिसऱ्या आवृत्तीत ‘टफनेस’ नावाची फीट होती. ती घेतली की पात्राचे तीन हिट पॉइंट कायमचे वाढत. पहिल्या लेव्हलच्या नाजूक मांत्रिकाला तीन पॉइंट म्हणजे जवळपास दुसरा जन्म. दहाव्या लेव्हलच्या योद्ध्याला मात्र ते चिल्लर. फीट तीच, किंमत तीच, मोल वेगळे. त्या आवृत्तीच्या रचनाकारांपैकी माँटी कुक यांनी पुढे लिहिले की सगळे पर्याय समान तोलाचे ठेवायचे नव्हतेच. नियम नीट समजून घेणाऱ्याला त्याचे फळ मिळावे, असा हेतू होता. पण कोणता पर्याय कुठे उपयोगी हे पुस्तकाने नवख्याला सांगितले नाही, ही उणीवही त्यांनी मान्य केली.

हा हेतू समजण्यासारखा असला, तरी तो या खेळाला मारक आहे. स्पर्धेच्या खेळात कच्चा खेळाडू हरतो, शिकतो आणि पुढचा डाव नव्याने मांडतो. इथे एकच पात्र वर्षभर चालवायचे असते. पहिल्या दिवशी अज्ञानाने केलेल्या निवडीची शिक्षा वर्षभर भोगायला लावणे, याला कौशल्याची परीक्षा म्हणता येत नाही.

आकड्यांचा खेळ कसा फसतो?

पाचव्या आवृत्तीतील ‘ग्रेट वेपन मास्टर’ ही फीट सर्वाधिक वादाची ठरली. जड शस्त्राने वार करताना फाशाच्या आकड्यातून ५ वजा करायचे. तरीही वार लागला तर १० जादा नुकसान. शिवाय हे कधी वापरायचे ते खेळाडूच्या मर्जीवर. सौदा रास्त वाटतो. तो तपासू.

एका योद्ध्याला वार लागण्यासाठी फाशावर ८ किंवा जास्त हवेत, आणि वार लागला तर सरासरी १० नुकसान होते असे धरा. विसात आठ ते वीस हे तेरा आकडे, म्हणजे ६५ टक्के संधी. प्रत्येक वारामागे सरासरी नुकसान ६.५. फीट न घेता त्याने शक्तीचा आकडा वाढवला, तर संधी ७० टक्के आणि नुकसान ११ होते; सरासरी ७.७. फीट घेतली आणि वापरली, तर संधी ४० टक्क्यांवर घसरते, पण नुकसान २० होते; सरासरी ८. म्हणजे ७.७ विरुद्ध ८. फरक किरकोळ. रचनाकाराने कागदावर एवढेच पाहिले, तर सौदा चोख वाटेल.

आता यात दुसरी एक सवलत मिसळा. खेळात ‘ॲडव्हान्टेज’ मिळाला की फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेता येतो. मग शक्ती वाढवलेल्या योद्ध्याची संधी ९१ टक्के आणि सरासरी १०.०१. फीटवाल्याची संधी ६४ टक्के आणि सरासरी १२.८. किरकोळ फरक एकदम २८ टक्क्यांवर गेला. ‘बार्बेरियन’ या प्रकारच्या योद्ध्याला तर दुसऱ्या लेव्हलपासून बेधडक हल्ला करून हा ॲडव्हान्टेज हवा तेव्हा घेता येतो. त्याबदल्यात शत्रूलाही त्याच्यावर तशीच सवलत मिळते, ही गोष्ट वेगळी. समोरचा शत्रू भक्कम चिलखत घातलेला असेल आणि वार लागायला मुळात १४ हवे असतील, तर फीट तोट्याची ठरते. पण तेव्हा ती वापरायचे बंधन नसतेच. नफा पूर्ण, तोटा ऐच्छिक. सौद्यातली खरी फट ही होती.

धडा असा की कोणतीही ताकद एकटी तोलून उपयोग नाही. ती कोणासोबत जोडली जाते आणि तिचा तोटा टाळता येतो का, हे दोन प्रश्न आधी विचारायचे.

सगळ्यांना सारखेच दिले तर?

हा प्रयोगही झाला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत योद्धा असो वा मांत्रिक, सर्वांना एकाच साच्यातल्या ताकदी दिल्या गेल्या : काही कितीही वेळा, काही प्रत्येक लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. तोल बराच साधला. पण सर्व पात्रे एकसारखी वाटतात, अशी तक्रार मोठ्या वर्गाने केली आणि पुढच्या आवृत्तीने तो साचा सोडला. पंगतीत सर्वांना एकच पदार्थ वाढला तर भांडण होत नाही, पण जेवणाची गोडीही राहत नाही.

उलट टोकाचे उदाहरण क्रिकेटने दिले आहे. आयपीएलमध्ये २०२३ पासून ‘इम्पॅक्ट प्लेअर’चा नियम आला. सामना सुरू असताना एक खेळाडू बदलून त्याच्या जागी खास फलंदाज किंवा खास गोलंदाज आणता येतो. दोन्ही संघांना सारखी संधी, म्हणजे संघासंघांत तोल कायम. पण अष्टपैलू खेळाडूची गरज घटली. रोहित शर्माने २०२४ साली याच कारणासाठी नियमाविषयी जाहीर नाराजी दाखवली. शिवम दुबेसारख्यांना गोलंदाजी मिळत नाही, हा त्याचा मुद्दा होता. भारतीय क्रिकेट मंडळाने पुढे सय्यद मुश्ताक अली स्पर्धेतून हा नियम काढून टाकला.

कल्पनेच्या खेळातही नेमके हेच घडते. मांत्रिकाने कुलूप उघडायचा मंत्र घेतला की चोराच्या पात्राला काम उरत नाही. नुकसानीचे आकडे तंतोतंत जुळले, तरी दुसऱ्याची भूमिका गिळणारी ताकद ही जास्त नुकसान करणाऱ्या ताकदीपेक्षा घातक असते. वादंगात हा भाग सहसा मागे पडतो, कारण भूमिका टक्क्यांत मोजता येत नाही.

नव्या नियमांनी काय साधले?

२०२४ च्या नियमांनी ‘ग्रेट वेपन मास्टर’मधला उणे पाच, अधिक दहाचा सौदा काढून टाकला. आता जड शस्त्राचा वार लागला की पात्राच्या प्रावीण्याइतके जादा नुकसान होते. चौथ्या लेव्हलला ते २ असते. वरच्याच योद्ध्याला हा नियम लावला, तर सरासरी ७.८ येते, शक्ती वाढवणाऱ्याची ७.७. ॲडव्हान्टेज मिळाला, तर १०.५ विरुद्ध १०. म्हणजे २८ टक्क्यांची दरी पाच टक्क्यांवर आली. ‘लकी’ या फीटचेही तसेच : पूर्वी पहिल्यापासून रोज तीन वेळा नशीब आजमावता येई, आता ती संख्या प्रावीण्याबरोबर वाढते.

यात हरवलेही काही. जुन्या नियमात प्रत्येक वाराला जुगाराची धाकधूक होती. नव्यात ती नाही, आकडे मिळवून मोकळे व्हायचे. तरीही हा बदल योग्यच म्हणावा लागेल. धाकधूक एकाच्या वाट्याला येत होती आणि तिची किंमत बाकीचे मोजत होते.

आकडे जुळले म्हणजे तोल साधला का?

नाही. २०१४ च्या पुस्तकात ‘ॲक्टर’ नावाची फीट आहे. दुसऱ्याचा आवाज आणि वेश हुबेहूब वठवण्याची ही कला. तिचे मोल किती? कथेत दरबार, वेशांतर, फसवाफसवी असेल तर ती तलवारीहून भारी. डन्जन मास्टर दर बैठकीला नुसत्या लढायाच मांडत असेल, तर तिचे मोल शून्य. म्हणजे या ताकदीचा भाव पुस्तक ठरवत नाही, सूत्रधार ठरवतो. बोनस रेषेला अर्थ येतो तो समोर सहा बचावपटू उभे असल्याने. तसा कलेला अर्थ येतो तो तिला साजेसा प्रसंग समोर आल्याने.

म्हणून खेळ लढाईपुरता नाही असे म्हणणाऱ्या डन्जन मास्टरने ते कृतीत दाखवायला हवे. ज्या मुलाने आपल्या पात्राला उत्तम नक्कल करणारा बहुरूपी बनवले, त्याला महिन्यातून एकदा तरी किल्ल्याच्या दारावर पहारेकऱ्याला गंडवायची संधी मिळायलाच हवी. तशी संधी द्यायची नसेल, तर ती फीट घेऊ नकोस असे त्याला आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे.

टेबलावर काय करावे?

पहिली गोष्ट, सुरुवात थोडक्यात करावी. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून मुक्त परवान्याखाली फुकट उपलब्ध आहेत. त्या दस्तऐवजात फीट फक्त एकच आहे. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या नव्या मुक्त नियमांतही त्या मोजक्याच आहेत. महागडी पुस्तके न घेता खेळणाऱ्यांना ही उणीव वाटेल, पण ती सोय आहे. पर्याय कमी असले की अनपेक्षित जोड्या कमी जमतात आणि नवख्याला निवड समजून करता येते. पुढे एकेक पर्याय जोडता येतो.

दुसरी गोष्ट, नियम डावाआधी ठरवावेत. आखाजीच्या डावात पत्ते वाटल्यावर कोणी जोकरचा अर्थ बदलू लागला तर चालेल का? तसेच इथे. कोणत्या फीट चालतील, कोणत्या नाहीत आणि गरज पडली तर बदल कधी करायचा, हे पहिल्या बैठकीत सर्वांदेखत बोलून घ्यावे.

तिसरी गोष्ट, एखादे पात्र फारच पुढे गेले, तर आधी मागे राहिलेल्याला वर आणावे. त्याला एखादे साजेसे शस्त्र, एखादी कला, एखादा प्रसंग द्यावा. मिळालेले काढून घेतले की माणूस दुखावतो. दुसऱ्याला काही मिळाले तर सहसा नाही. एवढ्याने भागत नसेल, तर ताकदीला कात्री लावावी, पण बैठक सुरू असताना नव्हे. खेळाडूशी आधी बोलून, त्याला नव्याने निवड करायची मुभा देऊन.

चौथी गोष्ट, मोजमाप नुकसानीचे नको, पाळीचे हवे. तीन बैठकांनंतर डन्जन मास्टरने एवढेच आठवून पाहावे : प्रत्येक खेळाडूने केलेल्या एखाद्या गोष्टीने कथा वळली का? ज्याच्या नावापुढे काहीच आठवत नाही, तिथे तोल बिघडला आहे. मग आकडे काहीही सांगोत.

शेवटचा शब्द कोणाचा?

नियमांची पुस्तके पुन्हा बदलतील. चार फीट दुबळ्या होतील, चार नव्या भारी निघतील. पाच जणांच्या टेबलावरचा तोल अमेरिकेत छापलेल्या पुस्तकाने सांभाळावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. जोकरला अट घातली ती खेळणाऱ्यांनीच, डाव मजेचा राहावा म्हणून. तोच अधिकार पारोळ्यातल्या टेबलालाही आहे. तो वापरताना एक कसोटी पुरे : ही ताकद दिल्यावर पुढच्या रविवारी पाचही जण येतील का?